कोपरहून मॅरेथॉनला



वसंत ऋतूत व्याख्याने ऐकण्याची आपल्याकडची चाल जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यास १८७५ साली ती सुरू केली, आणि तेव्हापासून उन्हाळा आला की महाराष्ट्रातल्या गावोगावच्या माणसांना आंब्याबरोबर व्याख्यानही लागते. या व्यासपीठावर संतवाङ्‌मय झाले, अर्थकारण झाले, काल ज्योतिर्विज्ञानावर एका विद्वानांनी दीड तास आपणांस खिळवून ठेवले. त्यांच्यामागून आम्ही यावे आणि "आम्ही मुंबईस धावावयास गेलो होतो" एवढेच सांगावे, याचा आम्हांला संकोच वाटतो. पण चालकांनी आग्रह धरला. त्यांचे म्हणणे असे की, कोपरचा माणूस रोज सकाळी धावतच मुंबईस जातो, तेव्हा हा विषय येथे कुणालाच परका नाही.

त्यांचा विनोद आम्हांला पटला. पण त्यात थोडा हिशेब राहिला आहे, तो आधी पुरा करतो. मॅरेथॉनचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. बोरीबंदरहून रुळांच्या कडेने धावत निघालेला माणूस हे अंतर पुरे करील तेव्हा तो मुंब्रा ओलांडून दिव्याच्या जवळपास असेल. म्हणजे त्याला कोपर लागणारच नाही! आपण मात्र एका सकाळी मॅरेथॉनहून अधिक अंतर जातो, संध्याकाळी तेवढेच परत येतो, आणि त्याबद्दल आपल्या गळ्यात कुणी पदक घालीत नाही. १८५३ साली पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्यास आली, पुढच्याच वर्षी ती कल्याणपर्यंत पोहोचली. त्या रुळांनी आपल्या गावांचे जे केले त्याचा इतिहास वेगळा सांगावा लागेल. आज एवढेच म्हणतो की, आमच्या धावण्याची गोष्ट त्या रुळांवरच सुरू होते आणि तेथेच संपते.

आम्ही म्हणजे कोण, ते सांगितले पाहिजे. आम्ही सहा जण. दोघे बँकेत, एक जण बंदराच्या कचेरीत, एक तरुण मुलगा नुकताच नोकरीस लागलेला, एक निवृत्त शिक्षक, ज्यांना आम्ही सगळे 'सर' म्हणतो, आणि एक वहिनी. वहिनींनी वीस वर्षे सकाळची लोकल धरली आहे. सर येथेच दुसऱ्या रांगेत बसले आहेत. त्यांच्याविषयी पुढे जे सांगणार आहोत ते त्यांच्या परवानगीने. किंबहुना ते सांगितलेच पाहिजे, या त्यांच्या अटीवर.

आम्ही धावू लागलो त्याचे कारण लोकल हेच. कोपरला धीमी गाडीच थांबते, जलद गाडीसाठी डोंबिवली गाठावी लागते, आणि जी गाडी थांबते तिच्यात शिरावयास जागा नसते. दारात लोंबकळणे हा आपल्याकडे पराक्रम नसून रोजची गरज आहे. कोपर आणि दिवा यांच्या दरम्यान, दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान, गाडीतून पडून माणसे गेली आहेत. २०२५ सालच्या ९ जूनला मुंब्र्याजवळ एका सकाळी दोन गाड्यांच्या दारांतली माणसे खाली पडली, ते अजून कुणी विसरलेले नाही. त्याच्या किती तरी आधी, एके दिवशी, वहिनी म्हणाल्या, "चढताना माझ्या पायांतच बळ उरत नाही हो. पाय घट्ट करायला काय करावं?" सर म्हणाले, "धावा." एवढ्या साध्या प्रश्नोत्तरातून आमचे मंडळ निघाले. त्याला नाव नाही, घटना नाही, वर्गणी नाही.

धावावयाचे कोठे, हा प्रश्न होता. आपल्या कोपरच्या गल्ल्या अशा की, समोरून रिक्षा आली तर पायी चालणाऱ्याने भिंतीला पाठ लावावी. मैदाने होती तेथे इमारती झाल्या. तेव्हा आम्ही कधी मोठागावच्या रेतीबंदराकडे, कधी ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यावर जाऊ लागलो. लांब पल्ल्याचा रविवार असला की कल्याण-शीळ रस्ता. तेथे पहाटे चारला ट्रकवाले आम्हांला वेडे समजून भोंगा वाजवीत. पहिल्या महिन्यात नव्वद फुटी रस्ता एका दमात संपला नाही. सहाव्या महिन्यात तो पुरेनासा झाला. ही शरीराची गोष्ट मोठी नवलाची आहे. पन्नाशीतले शरीरही शिकवले तर शिकते, फक्त घाई केली की ते रागावते.

आता ही मॅरेथॉन आली कोठून? शाळेत आपण सर्वांनी एक गोष्ट ऐकली आहे: ग्रीस देशातल्या मॅरेथॉनच्या रणांगणावरून एक दूत विजयाची वार्ता घेऊन अथेन्सला धावला आणि वार्ता सांगून गतप्राण झाला. गोष्ट सुंदर आहे, पण हिरोडोटस या जुन्या इतिहासकाराने सांगितली ती वेगळीच. त्याच्या ग्रंथात दूत धावतो तो लढाईच्या आधी, मदत मागावयास, अथेन्सहून स्पार्टाला, म्हणजे याहून कितीतरी लांब. आणि तो मरत नाही. पुढच्या लेखकांनी त्याला मारला. १८९६ साली अथेन्सला नवे ऑलिंपिक भरले तेव्हा मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषापंडिताच्या सूचनेवरून ही शर्यत ठेवण्यात आली. अंतर सुमारे ४० किलोमीटर होते आणि स्पिरिडॉन लुईस या ग्रीक माणसाने ती जिंकली. आजचे विचित्र अंतर मात्र लंडनचे. १९०८ साली शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू करून क्रीडांगणात राजघराण्याच्या सज्जासमोर संपवली, ते अंतर २६ मैल ३८५ यार्ड भरले, आणि १९२१ मध्ये तेच कायमचे ठरले. म्हणजे शेवटच्या दोनशे मीटरांत जेव्हा आमच्या पायांत गोळे येतात, तेव्हा त्याचे श्रेय इंग्लंडच्या राजाला द्यावयास हरकत नाही.

आणि आपला यात कुणी होता की नाही? होता. बेळगावचे फडेप्पा चौगुले. हे नाव आपल्या मुलांना ठाऊक नाही, याचे आम्हांला वाईट वाटते. पहिले महायुद्ध संपले होते. १९१९ साली पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धा झाल्या; सर दोराबजी टाटा त्या संस्थेचे अध्यक्ष होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत त्यांना जे धावक दिसले, ते बहुतेक खेड्यांतले शेतकरी, अनवाणी धावणारे. शर्यतीचे नियम त्यांना ठाऊक नव्हते, शास्त्रशुद्ध शिक्षणाचे तर नावच नको. पण घड्याळात पाहिले तर त्यांचा वेळ युरोपातल्या धावकांच्या जवळ जाणारा! दोराबजींच्या मनाने घेतले की ही माणसे ऑलिंपिकला गेली पाहिजेत. १९२० साली बेल्जममधल्या अँटवर्पला सहा जणांचा संघ गेला. खर्चाचा मोठा भाग दोराबजींनी स्वतः सोसला. त्या सहांत मॅरेथॉनसाठी दोघे मराठी मुलखातले, चौगुले आणि सदाशिव दातार.

त्या वर्षीचे अंतर आजच्याहून अर्ध्या किलोमीटरहून अधिक लांब होते. ऑलिंपिकमध्ये त्याहून लांब मॅरेथॉन पुन्हा झाली नाही. फिनलंडचा हानेस कोलेमाइनेन पहिला आला. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुले एकोणिसावे आले. एकोणिसावा क्रमांक म्हणजे काय, असे कुणी म्हणेल. आपण विचार करा: ज्या माणसाने त्याआधी असे काही पाहिलेले नाही, ज्याला बोटीने सातासमुद्रापार नेले आहे, परके अन्न, परकी हवा, परकी भाषा, तो जगातल्या निवडक धावकांत एकोणिसावा येतो! आम्ही कोपरहून बोरीबंदरला निघालो तेव्हा आमच्या घरच्यांनी थेपले, चिक्की, तापाच्या गोळ्या आणि तीन तीन सूचना बरोबर दिल्या. चौगुल्यांना घरच्यांनी काय दिले असेल?

हे ऐकून आमच्यातला तरुण म्हणाला होता, "काका, ते अनवाणी पळत होते, आणि माझ्या बुटांना आठ हजार पडले." हा टोला आम्ही आजवर विसरलो नाही. धावणे हा गरिबाचा खेळ, त्याला काही लागत नाही, असे म्हणण्याची पद्धत आहे. ती आता पुरती खरी नाही. प्रवेशशुल्क आहे, बूट आहेत, शिवाय पूर्ण आणि अर्ध्या मॅरेथॉनसाठी आधीच्या एखाद्या शर्यतीचे वेळेचे प्रमाणपत्र लागते, म्हणजे त्या शर्यतीचे शुल्क वेगळे. कारखान्यात पाळीने काम करणाऱ्या माणसाला यातले काय जमेल? तरीही खेड्यांतून माणसे येतात आणि पुढे जातात. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर याच मुंबईच्या रस्त्यावर भारतीय स्त्रियांत पहिल्या आल्या, आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठून दहाव्या आल्या. माण तालुका म्हणजे पावसाने कायम पाठ फिरवलेला मुलूख, हे आपणांस सांगावयास नको.

मुंबईची ही मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. जानेवारीतला तिसरा रविवार हा तिचा साधारण दिवस. साथीमुळे २०२१ आणि २०२२ ही दोन वर्षे ती भरली नाही, २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. २०१८ पासून तिला टाटांचे नाव आहे. दोराबजींच्या पुण्यातल्या त्या दुपारनंतर शंभर वर्षे होत आली असता हा योग जुळला, याची आम्हांला गंमत वाटते. आम्ही ज्या वेळचे सांगत आहोत ती २०२५ सालची, १९ जानेवारीची.

शर्यत रविवारी, पण प्रवास शनिवारीच सुरू होतो. छातीवर लावावयाचा क्रमांक, ज्याला धावणारे लोक 'बिब' म्हणतात, तो घरपोच येत नाही आणि शर्यतीच्या दिवशीही मिळत नाही. आधीच्या दोन-तीन दिवसांत वांद्रे-कुर्ला संकुलात स्वतः जाऊन, ओळखपत्र दाखवून घ्यावा लागतो. त्या कागदाच्या मागे एक बारीक पट्टी असते. आपण कोठून केव्हा गेलो ते ती यंत्राला सांगते. आम्ही कुर्ल्यास उतरलो, रिक्षासाठी ताटकळलो, आणि संकुलातल्या त्या भव्य मांडवात शिरलो. आत जत्रा! बूट, मोजे, चूर्णे, सरबते, गुडघ्याचे पट्टे. धावण्यासाठी काही लागत नाही असे म्हणणाऱ्याने ही जत्रा एकदा पाहावी. वहिनींनी तेथे काहीही विकत घेतले नाही. फक्त भिंतीवर छापलेल्या हजारो नावांत आपले नाव शोधले, आणि सापडल्यावर बराच वेळ त्यावर बोट ठेवून उभ्या राहिल्या. रेशनकार्डाखेरीज आपले नाव छापलेले त्यांनी पूर्वी पाहिले नसावे, असे आम्ही म्हणालो. त्या म्हणाल्या, "लग्नपत्रिकेत होतं. पण ते बदललेलं."

बायकांच्या धावण्याचा विषय निघाला आहे म्हणून सांगतो. बोस्टनच्या प्रसिद्ध मॅरेथॉनमध्ये १९६७ साली कॅथरिन स्विट्झर नावाची मुलगी क्रमांक लावून धावली, तेव्हा एका अधिकाऱ्याने भर रस्त्यात तिचा क्रमांक ओढून काढण्याचा प्रयत्न केला होता. बोस्टनने बायकांना रीतसर प्रवेश दिला १९७२ साली. ऑलिंपिकमध्ये तर स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ पर्यंत नव्हती. बायकांचे शरीर एवढे अंतर सोसणार नाही, असे जाणत्यांचे मत होते. ते जाणते लोक सकाळच्या बायकांच्या डब्यात एकदा चढले असते तर मत लवकर बदलते.

रात्रीचा मुक्काम हा खरा पेच असतो. पूर्ण मॅरेथॉन बोरीबंदराहून, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून, पहाटे पाचला सुटते. अर्धी माहीमच्या रेतीबंदरापासून, तीही पाचला. मध्य रेल्वे त्या पहाटे कल्याणहून धावकांसाठी खास लोकल सोडते, ही मोठी सोय आहे. पण ती रात्री अडीच-तीनच्या सुमारास निघते, म्हणजे झोपावयाचे केव्हा? वहिनी आणि बँकेतले एक गृहस्थ अर्धी धावणार होते. त्यांनी ती लोकल धरून दादरला उतरावयाचे ठरवले. आपल्या रेतीबंदरावर सराव करून माहीमच्या रेतीबंदरावर जाणार, असे ते कौतुकाने सांगत. उरलेले आम्ही चौघे सरांच्या मावसबहिणीकडे गिरगावात गेलो.

श्रोतेहो, येथे थोडे आडवळण घेतो. आपल्यापैकी किती जणांचे घराणे गिरगावातून, परळ-लालबागेतून, दादरच्या चाळींतून इकडे आले? सर गिरगावात वाढले. खोली लहान, भाऊ चार, म्हणून त्यांच्या वडिलांनी डोंबिवलीस दोन खोल्या घेतल्या. आमच्यातल्या दुसऱ्या एकाचे वडील गिरणीत होते. १९८२ सालच्या जानेवारीत, १८ तारखेस, गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर त्यांचे घर परळला उरले नाही. ज्या शहरात पोटासाठी रोज जावयाचे पण राहावयाचे नाही, त्या शहरात एका रात्रीसाठी पाहुणे म्हणून आम्ही झोपलो. मावशींनी वरणभात, बटाट्याची भाजी केली, तिखट कमी. दहा वाजता दिवे मालवले. चाळीतल्या पायऱ्यांवरून कुणी तरी चढत होते, उतरत होते. सरांना झोप लागली नाही, हे आम्हांला माहीत होते. जुन्या घराची आठवण येत असेल, असे आम्ही समजलो. कारण दुसरेच होते.

पहाटे चारला आम्ही चालत निघालो. आझाद मैदानाच्या आसपास हजारो माणसे, आणि गंमत म्हणजे कुणालाही गाडी पकडावयाची नव्हती. बोरीबंदरसमोर एवढी गर्दी आणि धक्काबुक्की नाही, हे दृश्य आम्ही प्रथमच पाहिले. पाचला शर्यत सुटली.

मुंबई आम्ही तीस वर्षे पाहिली ती माणसांच्या खांद्यांवरून. त्या पहाटे ती पायांखालून पाहिली. मरीन ड्राइव्हवर दिव्यांची ओळ, समुद्राचा वास, चौपाटी, पुढे पेडर रोडचा चढ, हाजी अली, वरळी. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर एरवी पायी माणसाला, दुचाकीलासुद्धा, मज्जाव असतो. २००९ साली तो खुला झाला तो मोटारींसाठी. मॅरेथॉनच्या सकाळी मात्र त्यावरून माणसे पायांनी जातात. खाली काळे पाणी, वर तारांचे ताण, आणि सर्वत्र फक्त बुटांचा आवाज. आमच्यातला तरुण त्या आवाजाला वारीची आठवण आली म्हणाला. आम्ही वारी केलेली नाही, त्यामुळे बोलत नाही. पण पुढे माहीम, शिवाजी पार्क, प्रभादेवी येथे रस्त्याच्या दुतर्फा माणसे उभी होती, संत्र्याच्या फोडी, बिस्किटे, मीठ देत होती, ढोल वाजवीत होती. एक आजोबा पायजम्यात उभे राहून प्रत्येकाला "शाबास, शाबास" म्हणत होते, जणू सगळे त्यांच्या घरचे. आपल्याला कुणी ओळखत नाही त्या शहरात अनोळखी माणसाने नावाने हाक मारावी, कारण नाव छातीवर छापलेले असते, याने माणूस विरघळतो. नंतर सुटणारी, पोशाख घालून छायाचित्रे काढण्याची सहा किलोमीटरांची शर्यत आम्हांला तितकीशी रुचत नाही. पण तिच्यामुळे अनेक संस्थांना देणग्या मिळतात, तेव्हा तोंड बंद ठेवतो.

मॅरेथॉनची खरी परीक्षा तीस किलोमीटरांपुढे. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर तेथवर पुरते, मग शरीर चरबी जाळू लागते आणि पाय जड होतात. धावणारे त्याला भिंत म्हणतात. त्यात मुंबईची दमट हवा. आठ वाजले की ऊन लागते. तहान लागली म्हणून पाणीच पाणी पिणेही धोक्याचे, रक्तातले मीठ उतरते. आणि नेमका याच टप्प्यावर, पस्तीस किलोमीटरांच्या आसपास, पेडर रोडचा तोच चढ परतीच्या वाटेवर पुन्हा येतो. मार्ग आखणाऱ्याला दयामाया नव्हती.

सर त्या चढापर्यंत पोहोचले नाहीत. हाजी अलीपाशी, सव्वानऊच्या सुमारास, ते दुभाजकाला टेकून खाली बसले. तरुण त्यांच्याबरोबर होता. आम्ही पुढे होतो, आम्हांला हे कळले नाही. हे त्याने सांगितले. सर म्हणाले, "पित्त आहे. तू हो पुढे." त्याने पाहिले तो सरांचा चेहरा पांढरा पडला होता, घाम गार होता, आणि डावा हात ते सारखे चोळत होते. तो पुढे झाला नाही. त्याने स्वयंसेवकाला हाक मारली. वैद्यकीय पथकातली एक मुलगी धावत आली, नाडी पाहिली, आणि सर "मला शर्यत पुरी करायची आहे" म्हणत असताना त्यांना रुग्णवाहिकेत घातले. तरुण बरोबर गेला. त्याची ती पहिली पूर्ण मॅरेथॉन. नऊ किलोमीटर उरले होते.

आम्ही दोघे शेवटच्या रेषेवर पदके गळ्यात घालून यांची वाट पाहत उभे. दूरध्वनी लागेना. साडेअकराला लागला. त्यानंतरचे दोन तास कसे गेले ते आम्ही येथे सांगत नाही.

सरांना झटका आला नव्हता, पण येण्याच्या वाटेवर होता. हृदयाकडे जाणारी एक रक्तवाहिनी बरीच बंद झाली होती. दोन दिवसांनी ती उघडण्यात आली. संध्याकाळी आम्ही भेटलो तेव्हा सर पहिल्याने तरुणाला रागावले. "माझ्यासाठी थांबायला तुला कुणी सांगितलं होतं? वर्षभराची मेहनत फुकट घालवलीस." तो काही बोलला नाही. आम्हीही नाही. मग सरांनी भिंतीकडे तोंड केले आणि सांगितले: डिसेंबरात जिना चढताना छातीत भरल्यासारखे झाले होते. डॉक्टरांनी चालत्या पट्ट्यावरची तपासणी करावयास सांगितली होती. यांनी ती पुढे ढकलली. तपासणीत काही निघाले तर धावू देणार नाहीत, ही भीती. "शर्यत झाली की करू म्हटलं." आदल्या रात्री गिरगावात त्यांना झोप लागली नव्हती ती यामुळे.

सर हे आमच्यातले सर्वांत शहाणे गृहस्थ. मुलांना शरीरशास्त्र शिकवीत त्यांची हयात गेली. २०२४ सालच्या याच मॅरेथॉनमध्ये दोन धावकांचा मृत्यू झाला होता, त्याची बातमी त्यांनीच आम्हांला वाचून दाखवली होती, आणि "तपासणी करून घेतल्याशिवाय कुणी धावू नये" असे तेच म्हणाले होते. ते खोटे बोलत नव्हते. माणूस इतरांच्या शरीराविषयी शास्त्राने विचार करतो आणि स्वतःच्या शरीराविषयी आशेने. आमचाही दोष लहान नाही. सहा महिने आम्ही एकत्र धावलो. कुणाचा वेग किती, कुणाचे बूट कसे, हे सगळे विचारले. कुणाच्या छातीत दुखते का, हे विचारले नाही. ते विचारणे अशुभ वाटले असावे. आता आमच्या मंडळाला पहिला नियम मिळाला आहे: नोव्हेंबरात प्रत्येकाने तपासणीचा कागद दाखवावयाचा, नाही तर रविवारी बरोबर यावयाचे नाही. सरांनी हा नियम स्वतः लिहिला. ते आता धावत नाहीत. डॉक्टरांच्या सल्ल्याने चालतात, आणि आमचा लांब पल्ला असला की नव्वद फुटी रस्त्याच्या टोकाला पाण्याचा हंडा आणि गुळाचे खडे घेऊन उभे राहतात. जो धापा टाकताना दिसतो त्याला थांबवून ते नाडी मोजतात. याचा जाच होतो, पण थांबावे लागते.

तरुणाचे काय झाले, असे आपण विचाराल. त्याला पदक मिळाले नाही. नियम नियम आहे. आमच्यापैकी एकाने आपले त्याला देऊ केले, तर तो म्हणाला, "काका, ते तुमच्या वेळेचं आहे." पुन्हा धावेन म्हणतो. घरी आई नको म्हणते. तो वाद अजून मिटलेला नाही आणि त्यात आम्ही पडत नाही.

परतीची गोष्ट सांगून पुरे करतो. सरांपाशी त्यांचा मुलगा येऊन बसल्यावर आम्ही निघालो. रविवारची संध्याकाळ, गाड्या विरळ, डब्यात लग्नाहून परतणारी मंडळी आणि झोपलेली मुले. आम्हांला बसावयास जागा मिळाली, आणि मग उठता येईना. ठाण्यापासूनच एकमेकांना हात देऊन उभे राहण्याची तयारी सुरू केली. कोपरला उतरलो, तो समोर पूल. बेचाळीस किलोमीटर धावलेल्या माणसाला जिना चढता येतो, उतरता येत नाही. मांड्या नकार देतात. आम्ही कठडा धरून, पाठमोरे, एक एक पायरी उतरू लागलो. खाली फुले विकणाऱ्या मावशी बसतात, त्या रोज आम्हांला पहाटे धावताना पाहतात. त्या आमच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"झाली का शर्यत?"

"झाली, मावशी."

"पहिला कोण आला?"

"एरिट्रिया म्हणून देश आहे, तिथला एक जण."

"तो राहू दे. आपल्या कोपरातला पहिला कोण?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. वहिनी माहीमहून अर्धी मॅरेथॉन धावून, साडेदहाच्या आत घरी पोहोचून, रविवारचा स्वयंपाक करून, दुपारी सरांच्या घरी डबा देऊन आल्या होत्या.

"वहिनी," आम्ही म्हणालो.

मावशींनी टोपलीतून एक गजरा काढला, पानात बांधला, आणि आमच्या हातांत दिला. "जाताना देऊन जा," म्हणाल्या. पैसे घेतले नाहीत.